अपूर्ण वर्तमानकाळ

मंगळवारी आणि शुक्रवारी, चार वाजता,
डोक्याला दुपट्टा गुंडाळून
तुळशीराम गणवीर येतात अजनीहून लक्ष्मीनगरला,
जिना चढून आल्यावर आधी खिशातला कांदा
टेबलावर ठेवतात, मग वही.
बाहेर सत्तेचाळीस.

पहिल्या दिवशी मी तोच उचलून म्हटलं, ला चिपोल्ला.
ल्ला. जीभ थांबवा तिथे जराशी, फाटक लागल्यासारखी.
त्यांनी विचारलं, कांदा तिकडे बाई आहे का?
हो.
बरं, म्हणाले, आणि लिहून घेतलं.

कूलर बंद ठेवावा लागतो,
नाहीतर एका 'ल'चे दोन झाले की नाही ते कळत नाही.
एकतीस वर्षं लोको शेडमध्ये हातोडी मारून
नुसत्या आवाजावरून बोल्ट सैल आहे का सांगायचे;
आता डावा कान गेला.
उजवा माझ्याकडे करून बसतात,
घाम वहीवर पडतो, क्रियापदं फुगतात.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं होतं:
पोरीची सासू फोनवर येते. मी हॅलो म्हणतो,
ते हॅलो म्हणते,
मग आम्ही दोघंई उत्पलाले आवाज देतो.

इंग्रजीत या बाईला धड नाव नाही.
इटालियनमध्ये आहे. कोन्सुओचेरा.
म्हणजे सरळ विहीण.
त्या शब्दाभोवती त्यांनी पट्टीनं चौकट आखली.

वयाच्या धड्याला अडलो.
तिथे माणूस त्रेसष्ट वर्षांचा नसतो,
त्याच्याकडे त्रेसष्ट वर्षं असतात.
कुठे ठेवायची मग?
हे त्यांनी गंमत म्हणून विचारलं नव्हतं.

धडा अकरावा. स्तारे म्हणजे राहणे.
मी फळ्यावर लिहिलं: स्तो मांजांदो,
आणि खाली स्वच्छ अक्षरात: मी जेवत आहे.
त्यांनी बोट ठेवलं. यात 'आहे' कुठाय, मॅडम?
स्तो म्हणजे राहिलो न?
मग सोपं आहे. मी जेवून राहिलो.

मी मार्कर धरून उभी.
पुण्यात, वसतिगृहाच्या पहिल्याच आठवड्यात
मी कुणाला तरी 'काय करून राहिली' विचारलं,
आणि सहा जणी ताटावरून वळून हसल्या.
त्या 'राहिली'ला मी तीन वर्षं
हळदीच्या डागासारखं उन्हात घालून घालून घालवलं.
पुढे पेरूजात हेच रूप शिकताना
इंग्रजीतून समजून घेतलं,
घरचं दार सताड उघडं असताना
शेजारच्या गच्चीवरून घरात उतरावं तसं.

फळा पुसला. लिहिलं: मी जेवून राहिली.
हाव, म्हणाले गणवीर,
आणि पुढचं क्रियापद मागितलं.

गेल्या शुक्रवारी फोन इथूनच लावला.
उदिनेत तेव्हा साडेबारा, सिन्योरा लोरेदाना स्वयंपाकात.
आठवडाभर घोकलेलं वाक्य त्यांनी टाकलं:
स्तो इम्पारांदो. शिकून राहिलो.
पलीकडे काही नाही. मग पातेलं खाली ठेवल्याचा आवाज.
मग ती जी सुटली!
पियानो, पियानो, हळू, म्हणत होते हे,
हात असा खाली दाबत,
जणू समोर डब्याचं शंटिंग चाललंय.

मध्येच ती काहीतरी वेगळंच बोलू लागली,
आखूड शब्द, शेपट्या कापलेले.
मला एक अक्षर लागेना.
मी मानेनंच सांगितलं, नाही कळत.
त्यांनी फोनवर तळवा ठेवला.
तिकडची नागपुरी असन ते, मॅडम.
आणि तळवा काढून तिला म्हणाले,
हाव, हाव.

नऊ मिनिटं चालला फोन.
उत्पलाले कोणी आवाज नाही देला.